निरोपाचा विडा

नाकेदारानं मला मुजरा केला. नुसता हात कपाळाला लावून नव्हे, सरदारांना करतात तसा, कमरेत वाकून, तीन वेळा. पालखी खाली टेकली. त्याच्या बायकोनं आतून वाळा घातलेलं पाणी आणलं. मग बसायला खुर्ची आली, खुर्चीवर घोंगडी आली, घोंगडीवर धुतलेली चादर आली. एवढं सगळं झालं, आणि रस्त्यावरचा आडवा बांबू होता तिथंच राहिला.

"बेळगावला जायचंय," मी म्हटलं. "आईकडे."

"जी, बाईसाहेब."

"मग बांबू उचला."

त्यानं माझ्याकडे न बघता माझ्या चोपदाराकडे बघितलं. सटवाजी चांदीची काठी छातीशी धरून उभा होता. त्यानं मान हलवली. नाही, अशी.

"बाईसाहेबांना निरोपाचा विडा झालाय का?" नाकेदारानं विचारलं.

माझ्यामागून बैलगाडीतून भागीमावशी येत होती. ती गाडीतूनच म्हणाली, "पानासाठी अडलंय होय? माझ्या चंचीत आहे की. घे, चुना जास्त लावू का कमी?"

कुणी हसलं नाही. नाकेदारानं लहान मुलाला सांगावं तसं मला समजावून सांगितलं. मानकरी हा गादीचा माणूस. गादीवरून त्याच्या हातात विडा पडला, त्याच्या चोपदारानं ललकारी दिली, की त्याला निरोप झाला. त्याशिवाय त्याला हद्द ओलांडता येत नाही. चोरून ओलांडलीच तर ती फितुरी, आणि मग त्याच्या पदरच्या माणसांना, चोपदाराला, भोयांना गडावर नेऊन डांबतात.

मी म्हटलं, मागच्या वर्षी मी इथूनच टांग्यातून गेले होते. तुम्हीच बांबू उचलला होतात.

"उचलला होता," तो म्हणाला. त्याला माझ्या भाग्याचा खरंच आनंद झाला होता. "तेव्हा आपण कुणी नव्हता, बाईसाहेब."

*

इथून सांगायला नको होतं. दसऱ्यापासून सांगते.

*

नाव

माझं नाव यमुना. बेळगावात आई गाणं शिकवायची, तिच्याकडूनच मी शिकले. कर्णखेडच्या युवराजांनी मला एका गणेशोत्सवात ऐकलं आणि पुढं मी कर्णखेडला आले, तळ्यावरच्या बंगल्यात, सोबतीला आईची धाकटी बहीण भागीमावशी. मी युवराजांची कोण, याला कर्णखेडात एक शब्द होता. तो माझ्यासमोर कुणी उच्चारत नसे आणि माझ्यामागं दुसरा कुठला वापरत नसे.

त्यांना मी आबासाहेब म्हणायची. ते आले की जोडे बाहेर काढून खाली सतरंजीवर बसत, तंबोरा स्वतः लावून देत. कान चांगला होता त्यांचा. मला आईची आठवण झाली की मी टांगा जोडायला सांगायची. संस्थान एवढंसं, की सकाळी निघालं तर उन्हं तापायच्या आत हद्द संपे. त्यांनी कधी अडवलं नाही. एकदा म्हणाले होते, "तू परत येतेस, म्हणून मी तुला विचारत नाही."

पावसाळ्यात त्यांचं लग्न ठरलं. मुहूर्त माघातला. सोयरीक मोठ्या घरची, मुलगी वैजयंतीराजे. मी त्यांना सांगितलं, लग्न झालं की मी बेळगावला जाईन, कायमची. रागानं नाही सांगितलं. त्या पोरीच्या वाटेत आपण कशाला, एवढंच. ते तंबोऱ्याची खुंटी पिळत होते. ती त्यांनी इतकी पिळली की तार तुटली.

आणि दसऱ्याला मला सरदारकी मिळाली.

थोरले महाराज अंथरुणाला खिळले होते. मुलानं मागितलेलं त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. भर दरबारात माझं नाव पुकारलं गेलं: सरदार यमुनाबाईसाहेब कुसुंबकर. कुसुंबे हे मला दिलेल्या गावाचं नाव. ते गाव मी कधीही पाहिलं नाही.

पालखी

मानकऱ्यानं पायी चालायचं नसतं.

तळं बंगल्याला लागून होतं. मी रोज सकाळी काठानं चालत जायची, परत यायची, तेवढ्यात गळा मोकळा व्हायचा. दसऱ्यानंतर मी चपला घातल्या, तर भोई धावत पालखी घेऊन आले. मी नको म्हटलं. ते रडकुंडीला आले. त्यांची भाकरी माझ्या पायांवर होती, म्हणजे माझे पाय न वापरण्यावर. मग मी पालखीत बसले आणि त्यांनी मला तळ्याभोवती फिरवून आणलं. पालखीला पडदे होते. तळं दिसलं नाही.

चोपदार

सटवाजी म्हातारा होता. त्याच्या बापानं आणि आज्यानं तेच काम केलेलं. मी खोलीतून गच्चीवर निघाले तरी तो पुढं होऊन आरोळी ठोके: सरदार यमुनाबाईसाहेब कुसुंबकर येत आहेत हो! गच्चीवर वाळत घातलेल्या लुगड्यांशिवाय कुणी नसे.

मावशी म्हणायची, "यमे, आता शिंकायचं झालं तरी आधी याला सांगत जा."

एकदा मी त्याला म्हटलं, सटवाजी, घरात तरी नका ओरडू. तो म्हणाला, "बाईसाहेब, मी गप बसलो तर आपण कुठं हाय ते लोकांना कळायचं कसं?"

मला तेव्हा ते साधं वाटलं.

छत्री

छत्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ती धरायला एक माणूस असे. ऊन कुठून येतं ते मी विसरले.

गाणं

मानकऱ्यानं गायचं नसतं. ऐकायचं असतं.

हे मला खासगीकडचे कारभारी नारोपंत यांनी सांगितलं. म्हणजे बोलले नाहीत ते तसं. सकाळी मी रियाजाला बसले, षड्ज लावला, तर जिन्यात खोकल्याचा आवाज आला. नारोपंत पागोटं सांभाळत उभे होते. रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना आवाज ऐकू जातो, गादीच्या मानकऱ्याचा आवाज असा रस्त्यावर पडणं बरं नव्हे, असं त्यांनी अत्यंत अदबीनं सांगितलं. रियाज करू नका, असं ते म्हणाले नाहीत. खिडक्या मात्र त्यांनी स्वतः लावून घेतल्या.

मला वाटलं आबासाहेब आले की सगळं ठीक होईल. ते आले. जोडे काढले नाहीत, कारण आता खुर्च्या होत्या. त्यांनी माझ्यासाठी एक खोकं आणलं होतं, त्यात ग्रामोफोन. कर्णा पितळेचा, कमळासारखा. ते कौतुकानं चावी देत राहिले आणि आम्ही समोरासमोर खुर्च्यांवर बसून दुसऱ्या बायकांचं गाणं ऐकलं.

"मी गाऊ का?" मी विचारलं.

"आता कसं सांगू मी तुला गायला?" ते म्हणाले. "तू सरदार आहेस."

ते खरंच दुःखी झाले होते. ज्यासाठी मला आणलं तेच ते घालवून बसले होते. गाणं संपलं तरी तबकडी फिरत राहिली. खर्र, खर्र. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

*

माघात लग्न झालं. हत्ती, आतषबाजी, सगळं. मानकरी म्हणून मला वरातीत जावं लागलं. पडदे लावलेल्या पालखीत बसून मी त्यांच्या वरातीत गेले.

फाल्गुनात मी मावशीला म्हटलं, चल आता. पालखी बेळगावच्या रस्त्याला लावली. आणि मग तो नाका, ती खुर्ची, ती धुतलेली चादर.

परत आल्यावर मी त्यांना बोलावून घेतलं. ते लगेच आले. मी उभीच होते.

"तुम्हांला माहीत होतं?"

ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून खाली बघत राहिले. तेव्हाच मला कळलं. पण मग ते म्हणाले, "लोक तुला काय म्हणायचे ते ठाऊक आहे ना? ठेवलेली. ते पुसून टाकायचं होतं मला. कर्णखेडात आता कुणाची हिंमत नाही तो शब्द काढायची."

"लोक नुसतं म्हणायचे, आबासाहेब. तुम्ही आता खरंच ठेवलीत."

त्यांनी माझा हात धरला. लग्नाची हळद त्यांच्या नखांच्या कडेला अजून होती. मी निरोपाचा विडा मागितला. ते म्हणाले, एवढी घाई काय आहे. मी म्हटलं, महाराजांकडून द्या. ते म्हणाले, महाराजांना आता हात उचलवत नाही. मग गादीवर तुम्ही बसा आणि द्या, मी म्हटलं.

"माझ्या हातानं?" ते म्हणाले. "ते मला होणार नाही, यमू."

त्या दिवसापासून मला बंगल्याचं दार दिसेना. म्हणजे दार उघडंच असे. दारात मुजरे असत.

मावशीनं मला रात्रंदिवस बोलतं ठेवायचा प्रयत्न केला. पळून जाऊ म्हणाली. मी खिडकीतून खाली बघितलं. भोयांची बायकापोरं अंगणात पालखीचं पितळ चिंचेनं घासत होती. सटवाजी काठी मांडीवर घेऊन ऊन खात बसला होता. आम्ही गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत ही सगळी गडावर गेली असती. मावशीनंही बघितलं. पुन्हा तिनं ते काढलं नाही.

अक्षत

चैत्रगौर बसली. नव्या राणीसाहेबांचं पहिलं हळदीकुंकू. थोरल्या महाराणी कधीच्याच वारल्या होत्या, त्यामुळे कितीतरी वर्षांनी वाड्यावर हळदीकुंकू होणार होतं.

कर्णखेडात अशा वेळी अक्षत फिरते. वाजंत्री घेऊन भटजी प्रत्येक मानकऱ्याच्या दारात जातो, उंबऱ्यावर अक्षत ठेवतो, आणि म्हणतो, सरदारीणबाईंना हळदीकुंकवाला बोलावलं आहे. दरबारात ज्या क्रमानं मानकरी बसतात त्याच क्रमानं भटजी जातो. नारोपंतांनी तो क्रम भटजीकडून पाठ करून घेतला होता. त्यात कुसुंबकर होते. कुसुंबकर म्हणजे कोण, याचा विचार करायचं भटजीचं काम नव्हतं आणि नारोपंतांना सुचलं नाही. इतक्या पिढ्यांत मानकरी म्हणजे पुरुषच.

वाजंत्री आमच्या दारात वाजली. उंबऱ्यावर अक्षत पडली. "सरदारीणबाईंना बोलावलं आहे," भटजी म्हणाला आणि पुढच्या घराकडे वळला.

मावशी उंबऱ्याकडे बघत राहिली. "सरदार तू," ती म्हणाली. "मग सरदारीण कोण? मी?" आणि ती भिंतीला टेकून हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी हसलं. मीही हसले.

मग ती एकदम थांबली. "जाऊ नकोस हं, यमे. सवाष्ण तू नाहीस. कुमारिका म्हणायची सोय नाही. त्या बायका तुझ्या कपाळाला कुंकू लावायच्या नाहीत, आणि तेही सगळ्यांदेखत लावायच्या नाहीत."

मी म्हटलं, गेले नाही तर गादीचं बोलावणं मोडलं असं होईल. ते खरं होतं. पण मी गेले ते त्यासाठी नाही. मला त्या मुलीला बघायचं होतं.

गादी

दालनात वाळ्याचे पडदे होते. गौर चांदीच्या पाळण्यात बसवलेली. आंब्याच्या डाळीचा आणि पन्ह्याचा वास सुटला होता. दाराशी नारोपंतांनी मला पालखीतून उतरताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. एका क्षणात त्यांना सगळं समजलं, अक्षत, भटजी, पाठ केलेला क्रम. पण अक्षत दिलेल्या मानकऱ्याला दारातून परतवणं म्हणजे गादीचा शब्द फिरवणं. ते बाजूला झाले. बाहेर सटवाजीनं ललकारी दिली आणि आतली कुजबुज थांबली.

मी कुसुंबकरांच्या जागेवर बसले. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका हळूच सरकल्या. लुगड्यांचा आवाज झाला, बोलण्याचा नाही.

वैजयंतीराजे थोरल्या महाराणींच्या गादीवर बसल्या होत्या. राजघराण्यात दुसरं बाईमाणूस नव्हतं, तेव्हा त्या दिवशी गादी त्यांची होती. नथ एवढी जड, की ती सावरायला कानामागून मोत्याचा सर नेला होता. वय माझ्यापेक्षा लहान. पाय गादीवरून खाली पोचत नव्हते, ते त्यांनी लुगड्यात ओढून घेतले होते. एक दासी प्रत्येक बाईसमोर कोयरी घेऊन जाई, हळद, कुंकू, अत्तर, ओटी. मग दुसरी विडा देई.

कोयरी माझ्यासमोर आली आणि थांबली. दासीनं गादीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. पाळण्याची एक कडी करकरत होती, तेवढाच आवाज.

"त्यांना इकडे येऊ द्या," राणीसाहेब म्हणाल्या.

मी उठले आणि गादीसमोर जाऊन गुडघे टेकले. त्यांनी कोयरीकडे हात नेला नाही. विड्यांचं तबक जवळ ओढलं आणि एक विडा उचलला. माझ्या मागं कुणीतरी हसलं. कुंकू न लावताच वाटेला लावतायत, असंच त्या सगळ्यांना वाटलं. मलाही.

"बाहेर चोपदार कुणाचा आहे?"

"कुसुंबकरांचा," दासी म्हणाली.

"त्याला म्हणावं, निरोपाची ललकारी दे."

पडद्यामागून नारोपंतांचा खोकला आला. मग आवाज आला, फार मऊ. "राणीसाहेब, युवराज पाहुण्यांना घेऊन शिकारीला गेलेत. संध्याकाळी परततील. त्यांना एकदा विचारून..."

"नारोपंत, गादीवर कोण बसलंय?"

पडद्यावरची नारोपंतांची सावली थोडी लहान झाली, ते वाकले असावेत.

राणीसाहेबांनी माझा तळवा उघडला आणि विडा त्यात ठेवला. ठेवताना वाकल्या. नथीचा मोती माझ्या गालाला लागला. त्या एक वाक्य बोलल्या, मला एकटीलाच ऐकू जाईल असं.

बाहेर सटवाजी ओरडला. त्याच्या ललकारीचा मला किती कंटाळा होता. त्या दिवशी ती मी कान देऊन ऐकली:

सरदार यमुनाबाईसाहेब कुसुंबकर,
यांस गादीचा निरोप,
निरोप हो!

विडा

विडा मी तोंडात घातला. वेलदोडा, लवंग, वर चांदीचा वर्ख.

पालखी बंगल्याकडे वळू लागली तेव्हा मी पडदा सारून म्हटलं, बेळगावचा रस्ता घ्या. मावशी मागून गाडीतून ओरडली, "अगं, आणि तंबोरा?"

"राहू दे."

"कपडे?"

"मावशी, गाडी हाक."

शिकारीची पार्टी कुठल्या रानात होती ते मला ठाऊक नव्हतं. प्रत्येक वळणावर मला वाटे, समोरून मोटार येईल, ते उतरतील, आणि मला यमू म्हणतील. मी विडा चावलाही नाही, गालात धरून ठेवला.

नाक्यावर पुन्हा मुजरा झाला. पुन्हा खुर्ची येऊ लागली. सटवाजी पुढं झाला आणि काठी आपटून पुन्हा तीच ललकारी त्यानं दिली, घसा फुटेस्तोवर. नाकेदारानं बांबू उचलला. इतकं सोपं होतं ते. एका हातानं.

बांबूपाशी मी पालखीतून उतरले. संस्थानची पालखी हद्दीपलीकडे जात नाही. पण सटवाजी जागचा हलेना, भोई हलेनात. ते कुसुंबकरांचे होते. कुसुंबकर परत येणार नाहीत हे त्यांना माझ्याकडे बघून कळलं होतं, आणि त्यांना कुणी सोडलं नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "तुझी चंची दे."

रस्त्याच्या कडेला बसून मी पानं पुसली, चुना लावला, सुपारी कातरली. एकेकाच्या हातात विडा ठेवला. सटवाजीनं दोन्ही हात पुढं केले. "बाईसाहेब, ललकारी कोण देणार?" तो म्हणाला. "चोपदाराच्या निरोपाला चोपदार लागतो."

मग भागीमावशीनं दिली. कमरेवर हात ठेवून, बेळगावच्या बाजारात भाजीवालीला हाक मारावी तशी. नाकेदारसुद्धा हसला.

एवढीच सरदारकी मी केली. मग बांबूखालून पायी निघाले. दसऱ्यापासून पहिल्यांदा पायांखाली रस्ता लागत होता, खडीचा, तापलेला.

*

काही दिवसांनी बेळगावला माझा तंबोरा आला, बैलगाडीतून, दुलईत गुंडाळलेला. सोबत काही नव्हतं. तारा व्यवस्थित सैल केलेल्या होत्या. लांबच्या प्रवासात कराव्या लागतात, नाहीतर तुटतात. ते काम कर्णखेडात एकाच माणसाला येत होतं.

त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही. पुढं संस्थानं गेली, नाके गेले. माझ्याकडे आता मुली शिकायला येतात. चैत्रात मी त्यांना डाळ आणि पन्हं करते, कोण सवाष्ण, कोण नाही, विचारत नाही. सगळ्यांना विडे देऊन झाले की तबकात एक ठेवते. दर वर्षी एखादी नवी मुलगी विचारते, हा कुणाचा, आणि बाकीच्या तिला गप्प करतात. त्यांना वाटतं आबासाहेबांचा.

राणीसाहेबांनी मला हाकलून दिलं, असंच कर्णखेडात सांगत. मावशी मरेपर्यंत तसंच म्हणायची, आणि वर म्हणायची, सवतीनं बरं केलं. मी कधी खोडलं नाही. गालाला लागलेला तो मोती थंड होता. ती मुलगी वाकली होती आणि म्हणाली होती,

"मी माहेरी जायला निरोपाचा विडा मागितला होता. म्हणाले, राणीला निरोप द्यायला कुणी नसतं. तुम्हांला निदान मी आहे."